मैदानात न आलेल्या पोराला फोन कोण करतं?

मैदानावरची ताई
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका कॉलेजात मी सतरा वर्षांपासून शारीरिक शिक्षण शिकवते. त्याआधी खो-खो खेळले, विद्यापीठाची कलर होल्डर आहे, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेली. 'खेळाने मन घट्ट होतं' हे वाक्य दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांना सांगते. यंदा दोन मुलांमुळे ते म्हणताना जीभ अडखळली.

पहिला आमचा कबड्डीचा रेडर. ऑक्टोबरात सामन्यात त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. पहिल्या आठवड्यात अख्खी टीम दवाखान्यात, नर्सबाई रागावेपर्यंत गर्दी. दुसऱ्या आठवड्यात चार जण. दिवाळीनंतर कुणी नाही, आणि त्यात मीही आले. डिसेंबरात त्याच्या आईचा फोन आला, "मॅडम, हा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो."

दुसरा खेळाडू नाहीच. गडचिरोलीकडचा, इथे नंदनवन भागात खोली करून राहतो. रोज संध्याकाळी मैदानाच्या पायऱ्यांवर एकटा बसलेला असतो. तीन महिने मी त्याच्या समोरून ये-जा करत होते. शेवटी विचारलं, तर म्हणाला, "काही नाही मॅडम, इथं आवाज असते."

माझा प्रश्न असा. मन सांभाळतो तो खेळ, की खेळासोबत येणारी माणसं? माणसं असतील, तर जो खेळत नाही त्याला ती कुठून मिळणार? आणि ज्याचं खेळणं थांबलं, त्याची का निघून जातात?

अंबाझरीकर
सोमवार, रात्री १०:०५

ताई, धागा फार गरजेचा आहे. वाचतोय.

ऑरेंज सिटी रनर
सोमवार, रात्री ११:१२

तुमच्या रेडरच्या जागी मी होतो. सात वर्षं झाली. खेळ वेगळा, व्हॉलीबॉल, पण गुडघा तोच आणि लिगामेंटही तेच.

लोकांना वाटतं दुखणं गुडघ्याचं असतं. ते महिन्याभरात सोसायची सवय होते. खरा त्रास पहाटे साडेपाचला जाग येण्याचा. सहा वर्षं त्या वेळेला उठलेलं शरीर, त्याला कुठे माहीत की आता जायचं नाही? डोळे उघडायचे, बॅग दाराजवळ दिसायची, आणि मग आठवायचं. हे रोज. शेवटी आईला सांगून मी बॅग माळ्यावर टाकायला लावली.

टीमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यात रोज 'उद्या ६ वाजता, वेळेवर' असा मेसेज यायचा. ग्रुप सोडला तर लोक म्हणणार रागावला, नाही सोडला तर रोज तो मेसेज वाचायचा. पाच महिने मी ग्रुपात होतो आणि 'गुडघा कसा आहे' याशिवाय मला कुणी काही विचारलं नाही. पोरं वाईट नव्हती. आजही त्यांच्या लग्नाला मी नाचतो. आमच्यात बोलायला खेळाशिवाय दुसरा विषयच कधी तयार झाला नव्हता.

मला बाहेर काढलं ते आमच्या ग्राउंडमनने. साधा माणूस, आठवी शिकलेला. घरी आला आणि म्हणाला, "चुना मारायचा आहे, खुर्चीवर बसून सांग कुठून कुठे." कोर्टाच्या रेषा त्याला माझ्यापेक्षा चांगल्या ठाऊक होत्या.

वऱ्हाडी भाऊ
मंगळवार, सकाळी ७:०२

ग्राउंडमन काकाले माह्याकडून दंडवत.

मी काही खेळाडू नाही, पण माहा रूमपार्टनर होता. थो रोज पहाटे मले लाथ मारून उठवे, "चाल बे, बसून राहा, पण चाल." मी आपला कट्ट्यावर घोंगडं पांघरून बसून राहो. प्रॅक्टिस झाली का मंग सगळी टीम तर्री पोहे खायले जाये, तिथं मी सगळ्यात फॉर्मात. त्या वर्षी माहे बाबा वारले होते. थ्या पोह्याच्या टपरीवर मी किती वेळा रडलो असन, तर्री तिखट आहे म्हणून खपून जाये.

अंबाझरीकर
मंगळवार, सकाळी ७:३०

भाऊ, हसवता हसवता घशात आवंढा आणलात.

खोली नंबर ११
मंगळवार, दुपारी १:१५

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

मी यवतमाळ जिल्ह्यातून आलेलो, बी.एस्सी. दुसरं वर्ष. खेळत नाही, दमा आहे. कॉलेजात खेळाडू म्हटलं की सगळं असतं. ट्रॅकसूट, टी.ए.-डी.ए. (प्रवास आणि दैनिक भत्ता), हजेरीत सवलत, पेपरला फोटो. दहावी-बारावीला सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण. ते मेहनतीचं आहे, त्याबद्दल मला आकस नाही. पण तो पडला तर निदान 'पडला' म्हणून नोंद होते. एक आठवडा का होईना, दवाखान्यात गर्दी होते.

मागच्या वर्षी मी अकरा दिवस कॉलेजात गेलो नाही. ताप नव्हता, काही नव्हतं. उठावंसंच वाटत नव्हतं. मेसचा डबा दाराबाहेर यायचा, कधी उघडायचो, कधी नाही. बाराव्या दिवशी गेलो तेव्हा वर्गात कुणीही काही विचारलं नाही. कुणाला कळलंच नव्हतं. त्या दिवशी जे वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

घरी फोनवर मी रोज म्हणायचो, "बरं आहे." बाबांनी सोयाबीनच्या पैशातून खोलीचं भाडं भरलं होतं, त्यांना काय सांगणार? ताई, तुमच्या पायऱ्यांवरच्या मुलाला मी ओळखत नाही, पण तो आवाजासाठी का येतो ते मला कळतं.

मैदानावरची ताई
मंगळवार, दुपारी २:००

खोली नंबर ११, राग कसला मानायचा? तुझं पुन्हा पुन्हा वाचलं. आता कसा आहेस, एवढं सांग. बाकी नंतर बोलू.

खोली नंबर ११
मंगळवार, दुपारी २:४०

आता बरा आहे मॅडम. खरंच बरा. लायब्ररीतले एक काका रोज 'आला का रे' म्हणतात, तिथे बसतो.

मनमोकळं
मंगळवार, रात्री ९:५५

मी समुपदेशक आहे, नागपुरातच काम करते. ताईंच्या मूळ प्रश्नावर अमेरिकेत बरंच संशोधन झालंय, कारण तिथे कॉलेजचे खेळ हा मोठा कारभार आहे. २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, २०० हून अधिक विद्यार्थी, काही खेळाडू, काही नाहीत. सरळ तुलना केली तर खेळाडूंचा आत्मसन्मान जास्त, माणसांशी जोडलेपण जास्त, नैराश्याची लक्षणं कमी. पण आत्मसन्मान, जोडलेपण, झोप हे सगळं एकत्र हिशेबात धरलं, तेव्हा नुसत्या 'खेळाडू असण्याला' वेगळं वजन उरलं नाही. ताई, तुमचा अंदाज याच बाजूचा आहे.

आणि खेळाडू सुरक्षित असतात असंही समजू नका. २०१६ च्या एका अभ्यासात तिथल्या एका विद्यापीठातले ४६५ खेळाडू तपासले, त्यातल्या २३.७ टक्क्यांमध्ये दखल घ्यावी इतकी नैराश्याची लक्षणं होती. चारातला जवळजवळ एक. मुलींमध्ये प्रमाण मुलांपेक्षा जास्त, आणि खेळांमध्ये अ‍ॅथलेटिक्सवाल्यांचं सर्वाधिक. हे आकडे तिकडचे आहेत, आपल्या पोरांचं जगणं वेगळं. पण धावपटू एकटा धावतो, कबड्डीवाला सहा जणांसोबत, हा फरक नागपुरातही तसाच आहे.

आता 'आधार' म्हणजे काय ते. आधार मोजायची १९८८ सालची एक बारा प्रश्नांची पट्टी जगभर वापरतात. चार प्रश्न घरच्यांबद्दल, चार मित्रांबद्दल, चार जवळच्या एका खास माणसाबद्दल. तुम्हाला किती जण ओळखतात, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही. अडचणीत आपल्यासोबत कुणी आहे असं तुम्हाला वाटतं का, मनातलं बोलता येतं का, हे विचारलंय. मिळालेल्या मदतीपेक्षा 'माझं कुणीतरी आहे' ही खात्री मनाला जास्त तारते, असं संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. रेडरच्या खाटेभोवती पंधरा जण होते, पण तीन महिन्यांनीही येईल असा एक त्याला ठाऊक नव्हता. खोली नंबर ११ ला लायब्ररीतल्या काकांच्या तीन शब्दांनी ती खात्री दिली.

एक कामाचं सांगते. उदासी, झोप उडणं किंवा नुसती झोपच, भूक न लागणं, कशातच मन न रमणं, हे दोन आठवडे सलग टिकलं तर 'परीक्षेचं टेन्शन' म्हणून सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, मानसोपचार विभाग आहे. आणि कुणी जगण्यात अर्थ नाही असं बोलला तर त्याला सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

जुना हॉकीपटू
बुधवार, सकाळी ६:२०

सर्वांचे मत वाचले. आदरपूर्वक असहमत. वय ६४. आमच्या काळी हे शब्दच नव्हते. हरलो की दोन दिवस तोंड पाडून बसायचो, तिसऱ्या दिवशी स्टिक उचलायचो. आज प्रत्येक दुःखाला आजाराचे नाव देतात आणि मुले ते नाव घेऊन बसतात. मैदानात घाम गाळा, रात्री झोप येते, मन साफ राहते. माझा अनुभव आहे.

सिव्हिल लाईन्सची आई
बुधवार, सकाळी १०:४८

काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे. माझ्या मुलीचा ऐका.

ती लांब पल्ल्याची धावपटू. घाम तर तिने इतका गाळला की पाळी चार महिने आली नाही. प्रशिक्षक तिला सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभी करायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. अर्धा किलो वाढला की 'घरी श्रीखंड चालू आहे वाटतं'. तिने जेवण कमी केलं. आम्हाला वाटलं शिस्त आहे, आम्ही कौतुक केलं. तिचे वडील पाहुण्यांना सांगायचे, आमची मुलगी भाताला हात लावत नाही. मांडीच्या हाडाला बारीक तडा गेला, तेव्हा डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारलं. तोपर्यंत मैदानावर तिला हे विचारणारं कुणी नव्हतं. सगळे पुरुष, आणि ती कुणाला सांगणार?

तिला मैत्रिणी होत्या. पण ज्या सोबत धावायच्या त्याच निवड चाचणीत समोर उभ्या राहायच्या. त्यांच्यापुढे ती कधी रडली नाही. शेवटी बोलली ती आत्याशी, जिला धावण्यातलं ओ की ठो कळत नाही.

वऱ्हाडी भाऊ
बुधवार, सकाळी ११:१०

ताई, आता पोरगी कशी आहे?

सिव्हिल लाईन्सची आई
बुधवार, सकाळी ११:३२

जेवते, भाऊ. कालच तिने स्वतःहून वरण-भातावर दुसऱ्यांदा तूप मागितलं. प्रशिक्षक बदलले. धावते, पण मजेने.

मानकापूरचा
बुधवार, दुपारी ३:२५

थोडं अवांतर. मी मानकापूरला राहतो. आमच्याकडे विभागीय क्रीडा संकुल आहे आणि त्याच भागात प्रादेशिक मनोरुग्णालय. नागपुरात अजूनही अर्धे लोक त्या चौकाला पागलखाना चौक म्हणतात. ऑटोवाल्याला दुसरं नाव सांगितलं तर त्याला कळत नाही. लहानपणी कुणी चिडलं की आम्ही म्हणायचो, 'तुझी सीट मानकापूरला बुक आहे.'

संकुलात सरावाला येणारी पोरं त्या रस्त्याने जातात. त्यातल्या एखाद्याला आत जाऊन डॉक्टरांशी बोलावंसं वाटलं, तर तो त्या फाटकातून जाईल का? कुणी पाहिलं तर दुसऱ्या दिवशी ग्रुपवर बातमी. माझ्या चुलतभावाला उपचाराची गरज होती, तो बस बदलून दुसऱ्या शहरात जायचा. बरा झाला, पण तिकिटाचे पैसे आणि खोटं बोलण्याचा थकवा वेगळा. मी तरी त्या चौकाचं ते नाव घेणं सोडलंय. ऑटोवाल्याला रुग्णालय म्हणून सांगतो, दोनदा सांगावं लागतं.

अंबाझरीकर
बुधवार, दुपारी ४:००

'सीट बुक आहे' आम्हीही म्हणायचो. आता लाज वाटते.

चौसष्ट घरं
बुधवार, रात्री ८:१७

बुद्धिबळवाल्यांना यात धरता ना? आम्हाला घाम येत नाही म्हणून विचारतो.

मागे नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली. आपण सगळ्यांनी तो क्षण पाहिला, जिंकल्यावर ती आईच्या मिठीत रडली. लोक ट्रॉफीबद्दल बोलत होते, मी त्या मिठीकडे पाहत होतो. स्पर्धेला जाणाऱ्या आमच्या पोरांपैकी किती जणांची आई हॉलच्या बाहेर उभी असते? आणि हरल्यावर? माझ्या क्लासमधला एक मुलगा हरला की वडिलांना फोन करायच्या आधी वीस मिनिटं जिन्यात बसतो.

जिंकूनही पोकळी येतेच. नेमबाज अभिनव बिंद्रा २००८ ला ऑलिंपिकचं सोनं घेऊन आला आणि त्यानंतरच्या रितेपणाबद्दल तो स्वतः बोललाय. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली, जगाने नावं ठेवली. २०२४ ला पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णं जिंकली. हॉकीवाले काका, ही माणसं घाम गाळण्यात कमी नव्हती.

ऑरेंज सिटी रनर
बुधवार, रात्री ९:०३

जिन्यातल्या मुलाजवळ कुणीतरी जाऊन बसा हो. काही बोलू नका, नुसतं बसा.

चौसष्ट घरं
बुधवार, रात्री ९:२०

उद्यापासून मी बसतो.

मनमोकळं
बुधवार, रात्री १०:४०

रनर, तुमच्या पहिल्या प्रतिसादाला उत्तर द्यायचं राहिलं. १९९३ पासून क्रीडा मानसशास्त्रात यावर लिहिलं जातंय, की स्वतःची सगळी ओळख 'मी खेळाडू' एवढ्यावर उभी असेल तर ती ओळख चांगल्या दिवसांत बळ देते, आणि दुखापत झाली, निवड हुकली, की तीच पायाखालून सरकते. तुमच्या ग्राउंडमनने तुमच्या हाती चुन्याच्या रेषा दिल्या. मैदानावर तुमची जागा आहे, खेळत नसलात तरी आहे, असं त्यांनी सांगितलं. मी पदवी घेऊन जे शिकले ते त्यांना येत होतं.

जुना हॉकीपटू
गुरुवार, पहाटे ५:१०

रात्री झोप लागली नाही. लिहितो.

आमच्या टीममध्ये एक लेफ्ट इन होता. १९८३. राज्याच्या शिबिरात नाव आले नाही. आम्ही म्हणालो, दोन दिवसांत येईल. आला नाही. कुणी त्याच्या घरी गेले नाही, मीही नाही. सायकलने दहा मिनिटे अंतर. काही महिन्यांनी कळले की तो नागपूर सोडून गेला. त्याच्या भावाने सांगितले की फार खचला होता. पुढचे ठाऊक नाही.

मी काल लिहिले की तिसऱ्या दिवशी स्टिक उचलायचो. ज्यांनी उचलली त्यांच्याबद्दल लिहिले. मुलीच्या आई, आणि खोली नंबर ११, तुमची क्षमा मागतो.

खोली नंबर ११
गुरुवार, सकाळी ८:४४

काका, क्षमा नका मागू. पण त्या भावाचा पत्ता मिळत असेल तर बघा ना.

जुना हॉकीपटू
गुरुवार, सकाळी ९:१५

पाहतो बेटा.

वऱ्हाडी भाऊ
गुरुवार, सकाळी ९:३०

काका, जाचं असन तर माही गाडी आहे. सांगा फक्त.

मैदानावरची ताई
पुढचा सोमवार, रात्री १०:२०

मंडळी, आठवडाभर सगळं वाचलं. काय झालं ते सांगते.

रेडरच्या घरी गेले. रनरची युक्ती चोरली. म्हटलं, ज्युनियर मुलांचे सामने आहेत, गुणलेखक नाही, आणि तुझ्याइतके नियम कुणाला येत नाहीत. आधी नाही म्हणाला. मी तासभर बसले, त्याच्या आईने चहा दोनदा केला. शनिवारी तो कुबडी घेऊन आला. खुर्चीवर बसून त्याने पंचांची एक चूक दाखवली, बरोबर होती. गुडघ्याला अजून सहा-सात महिने जातील. तो हसत घरी गेला असं म्हणणार नाही. पण आज सकाळी त्याने स्वतः मेसेज केला, "मॅडम, पुढचा सामना कधी?" मानसोपचाराची वेळही घेतलीय, मनमोकळं यांनी मदत केली. आई सोबत जाणार आहे.

टीमच्या मुलांना मी रागावले नाही. दोघादोघांना वार वाटून दिले, आणि अट घातली की गुडघ्याबद्दल विचारायचं नाही. एकाने विचारलं, "मग काय बोलू मॅडम?" अख्खं वर्ष सोबत खेळलेला मुलगा हे विचारतो. त्याला म्हटलं, त्याला कोणती भाजी आवडत नाही तिथपासून सुरू कर.

पायऱ्यांवरच्या मुलाशीही बोलले. त्याला गोंडी येते, मराठी येते, आणि वर्गात त्याच्या बोलण्याला कुणी हसलं म्हणून तो तोंडच उघडत नाही. त्याला खेळायचं नाही. मी आग्रह केला नाही. मात्र रविवारी सकाळी मैदानावर, ज्याला खेळायचं आहे त्याने खेळावं, नसेल त्याने कट्ट्यावर बसावं, आणि मग सगळ्यांनी मिळून पोहे खावेत, असं सुरू करतेय. एक वही ठेवणार आहे. जो आला त्याचं नाव, आणि सलग दोन रविवार जो आला नाही त्याला मी फोन करणार. किती दिवस चालेल ठाऊक नाही. मे महिन्यात ऊन वाढलं की वेळ पाचची करावी लागेल.

वऱ्हाडी भाऊ
सोमवार, रात्री १०:३१

पोह्याचा खर्च पह्यल्या महिन्याचा माह्याकडं. तर्री वेगळी बांधून आणतो, ज्याले रडाचं असन त्याच्यासाठी.

खोली नंबर ११
सोमवार, रात्री ११:५०

मॅडम, दुसऱ्या कॉलेजचं कुणी आलं तर चालेल का? मला दमा आहे, मी बसणारच फक्त.

मैदानावरची ताई
मंगळवार, सकाळी ६:०५

ये. मागच्या गेटने ये, पुढचं सातपर्यंत बंद असतं. वहीत तुझं नाव लिहून ठेवलंय.